धुक्यातली नऊ मिनिटं

ग्रंथपाल आला तेव्हा दादाच्या घरी जेवणं आटोपत आली होती आणि मासोळी संध्याकाळचं भाषण वाचून दाखवत होती. एकसष्ट वर्षांची बाई, पण गावात तिला अजून मासोळीच म्हणत. हे नाव आबांनी ठेवलं होतं. आबा नगरपालिकेच्या तलावावर पोहण्याचे मास्तर. तीन वर्षांच्या लेकीला त्यांनी पाण्यात सोडलं, आणि बुडायच्या ऐवजी ती खिदळत वर आली, तेव्हापासून ती मासोळी. आबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. नाव मात्र दुकानदार, पोस्टमन, तलावावर पोहायला येणाऱ्या पोरी, सगळ्यांच्या तोंडी तसंच राहिलं.

"पाचव्या तासाला धुकं इतकं दाटलं," ती चष्मा सावरत वाचत होती, "की मला माझाच हात दिसेना. अंग बधिर झालं होतं. तेवढ्यात कुणीतरी माझ्या अंगावर ब्लँकेट घातलं. लोकर गालाला टोचली. रॉकेलचा वास आला. माझी आई स्टोव्ह पेटवायची तेव्हा तिच्या कपड्यांना तसाच वास यायचा. आई जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. पण त्या दिवशी समुद्राच्या मध्यावर ती माझ्याजवळ आली, आणि तिच्या उबेनं मी पलीकडचा किनारा गाठला."

तिच्या लेकीनं डोळे पुसले. ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकली असेल, तरी प्रत्येक वेळी तिचे डोळे भरून यायचेच. वहिनी उठल्या आणि ताटल्या गोळा करायला लागल्या, जरा जास्तच आवाज करत. ब्लँकेटची गोष्ट निघाली की वहिनींना हटकून काहीतरी काम आठवायचं. मासोळीनं त्याचा अर्थ फार पूर्वीच लावून टाकला होता. घरात नणंद प्रसिद्ध असणं कुठल्या भावजयीला सोसतं?

"छान झालंय," दादा म्हणाला. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

बेल वाजली ती तेव्हा.

त्यांच्या गावाला सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. शहरातली माणसं रात्री झोपायला यायची आणि सकाळी परत जायची. 'तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे?' असं कुणी विचारलं तर गावकरीच हसून म्हणायचे, 'शहराकडे जाणारी गाडी.' ते ऐकून ऐकून वैतागलेल्या ग्रंथपालानं दोन वर्षं खपून एक यादी केली. या गावानं जगाला दिलेली बारा माणसं. त्यात पक्ष्यांचा कोश लिहिणारे प्राध्यापक होते, दुर्बिणीची भिंगं घासणारा कारागीर होता, एक गायिका होती, आणि एका मोठ्या सामन्यात पाच गोल खाल्लेला, तरीही देशाकडून खेळलेला गोलकीपर होता. बारा पितळी पाट्यांचा तो फलक आज पाच वाजता वाचनालयाच्या मोठ्या खोलीत उघडायचा होता. सातवी पाटी मासोळीची. 'सामुद्रधुनी पोहून पार करणारी पहिली स्त्री.'

"फक्त एक सही राहिलीय, काका," ग्रंथपाल दादाला म्हणाला. चहाचा कप त्यानं गुडघ्यावर धरला होता. "जलतरण मंडळ बंद पडलं, त्यांचं दप्तर सापडत नाही. बाराही जणांची फाइल पक्की असावी असा माझा आग्रह आहे. तुम्ही होडीत होतात, घड्याळ तुमच्याकडे होतं. साक्षीदार म्हणून हयात असलेले तुम्ही एकटेच."

"या पोराचा आग्रह म्हणजे!" मासोळी हसली. "गोलकीपरच्या पाच गोलांच्या पण सह्या घेतल्या असतील."

"तीन जणांच्या घेतल्या," ग्रंथपाल गंभीरपणे म्हणाला.

दादानं कागद घेतला. चष्मा लावला. खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. मग तो वाचत राहिला. दहा ओळींचा कागद, पण त्याचं वाचून होईना. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातातला टॉवेल त्यांनी घट्ट पिळून धरला होता.

"ही एक ओळ काढता येईल का?" दादानं विचारलं.

"कुठली?"

"'पोहणाऱ्या व्यक्तीचा होडीला अथवा कोणाही माणसाला स्पर्श झाला नाही.' ही."

ग्रंथपाल गोंधळला. "काका, बाकीच्या सगळ्या काढल्या तरी चालतील. सही हवीय ती याच ओळीसाठी."

दादानं पेनाचं टोपण लावलं. पेन टेबलावर ठेवलं आणि ते घरंगळू नये म्हणून त्यावर हात दाबून धरला.

"मग मला सही करता येणार नाही," तो म्हणाला.

मासोळीला वाटलं तो थट्टा करतोय. दादाची थट्टा नेहमीच अशी कोरड्या चेहऱ्याची असायची. ती हसायच्या बेतात होती. मग तिनं त्याचा हात बघितला. तो हात कागद ग्रंथपालाकडे परत सरकवत होता.

"धुकं आलं तेव्हा पंचांची होडी मागे राहिली," दादा म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता, टेबलाशी बोलत होता. "वीस-पंचवीस मिनिटं ती दिसतच नव्हती. आपल्या होडीत आबा, मी आणि नावाडी. तू काहीतरी बडबडत होतीस. शाळेतले पाढे म्हणत होतीस. मग थांबलीस. तोंड पाण्यात गेलं ते वर येईना. आबांनी तुझ्या काखेत हात घातले. त्यांच्या एकट्यानं जमेना म्हणून मी पाय धरले. तुला होडीत घेतलं."

"नाही," मासोळी म्हणाली.

"तुझे ओठ निळे पडले होते."

"नाही रे दादा. काहीतरी काय? मला आठवलं नसतं?"

"नावाड्यानं त्याचं ब्लँकेट दिलं. करडं होतं. होडीतल्या कंदिलाच्या डब्याशेजारी ठेवलेलं." तो थांबला. "रॉकेलचा वास येत होता त्याला."

मासोळीच्या कानांना दडे बसले. खूप खोल सूर मारल्यावर बसतात तसे. समोर दादाचे ओठ हलत होते, लेक उठून उभी राहिली होती, तिची खुर्ची मागे पडली होती, आणि यातला एकही आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता. गालाला फक्त लोकर टोचत होती. बेचाळीस वर्षं टोचत आलेली तीच लोकर. शाळांमधून, सभांमधून, एकदा रेडिओवर, जिचं वर्णन ती करत आली होती ती.

आई आलीच नव्हती. नावाड्याचं ब्लँकेट होतं ते.

"किती वेळ?" तिनं विचारलं. तिला आपला आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"नऊ मिनिटं. घड्याळ थांबवू नकोस, असं आबांनी सांगितलं."

"आणि होडी?"

"वाहत होती. किनाऱ्याकडे की उलट दिशेला, ते धुक्यात मला कळलं नाही. मग तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, 'किती राहिलं?' आबांनी तुला परत पाण्यात सोडलं. तुला यातलं काही आठवत नाही हे आम्हाला किनाऱ्यावर गेल्यावर समजलं. आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, तिला आठवत नाही, तर आपणही विसरू या."

"मामा," लेक म्हणाली, "मागच्या वर्षी तुमचं ऑपरेशन झालं. भूल दिल्यावर माणसांना काय काय भास होतात. तुम्हाला स्वप्न पडलं असेल."

"स्वप्न नाही," दारातून वहिनी म्हणाल्या. "लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात यांनी मला सांगितलंय. तेव्हा कुठलं ऑपरेशन?"

मासोळीनं मान वळवून वहिनींकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"तुमची ती गोष्ट सुरू झाली की मी उठून आत जायचे, ते काय मला भांडी घासायची हौस होती म्हणून?" वहिनींचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "काय करू हो? बसून ऐकवायचं नाही. तोंड उघडावं तर यांनी शपथ घातलेली. तुम्ही मला खुनशी समजत होतात तेही मला दिसत होतं."

ग्रंथपालानं चहाचा कप इतक्या हळू खाली ठेवला की बशी वाजली नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मी जातो," तो पुटपुटला. "हे घरातलं आहे."

"तू बस," मासोळी म्हणाली.

लेक आता टेबलाला वळसा घालून मामासमोर आली. चाळीशीला टेकलेली, खांद्यांनी रुंद, आवाजानं खणखणीत. आबांच्या जागी आता तीच तलावावर शिकवत होती. "मामा, ऐका. समजा झालं असेल. माझी आई तेव्हा मरत होती, आजोबांनी तिला वाचवलं. यात पाप काय? आणि आज बेचाळीस वर्षांनी त्यानं कुणाचं काय बिघडतंय? करा सही. पाच वाजता माझ्या साठ पोरी रांगेत उभ्या राहणार आहेत. नगराध्यक्ष येणार आहेत. मी काय सांगू त्यांना?"

"बिघडतं," ग्रंथपाल म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, तसा तो लाल झाला. "म्हणजे... माझ्याकडे दुसऱ्या नावाचीही नोंद आहे. दोन वर्षांनी एक बाई गेल्या. त्या दुसऱ्या, म्हणून यादीत घेतल्या नाहीत. फलकावर जागा बाराच. पण हे असं असेल तर मग..."

"टेलरबाई," वहिनींनी त्याचं वाक्य पुरं केलं.

मासोळीनं डोळे मिटले. स्टेशनच्या पुलाखाली कपडे बेतून देणाऱ्या टेलरबाईचं दुकान होतं. आज तिला सगळे त्याच नावानं ओळखत, पण एके काळी ती पोस्टमास्तरांची थोरली होती, आणि आबांच्या तलावात मासोळीच्या शेजारच्या पट्ट्यात पोहायची. दोघी एकाच वयाच्या. पहाटे साडेपाचला दोघींच्या सायकली एकाच खांबाला टेकलेल्या असायच्या. दोघींनाही सामुद्रधुनी पोहून जायचं होतं. आधी कोण जाणार ते आबांनी ठरवलं, आणि आबांनी मुलीला निवडलं. दोन वर्षांनी पोस्टमास्तरांची थोरली गेली. तिनं मासोळीपेक्षा एकोणीस मिनिटं कमी घेतली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. 'गावातील आणखी एका तरुणीने...' त्यानंतर ती तलावावर कधी फिरकली नाही.

"तिच्या होडीतही आबाच होते," मासोळी हळूच म्हणाली.

"हो," दादा म्हणाला. "आणि मीही होतो. आरंभापासून किनाऱ्यापर्यंत तिनं होडीला बोट लावलं नाही. तिनं किनाऱ्यावर पाय टेकला तेव्हा आबा होडीत डोकं धरून बसले होते. नावाडी म्हणाला, मास्तर आनंदानं रडतायत."

मासोळी उठली. तिला वाटलं होतं आपल्याला दादाचा राग येईल. राग आला तो आबांचा, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. तिला आवाजही चढवता येईना.

"तू आजवर गप्प का बसलास?"

"आबा होते तोवर त्यांनी तोंड बांधलं होतं. ते गेल्यावर रोज ठरवायचो, उद्या सांगू." दादानं पहिल्यांदाच वर बघितलं. "तुला काय सांगू, मासोळी? तू इतकी छान सांगायचीस ती गोष्ट. मलाही वाटायला लागलं होतं की आईच आली असेल. पण हे खोटं माझ्या हातानं लिहून द्यायचं म्हटल्यावर हात चालेना."

"आई," लेक काकुळतीला आली, "मामांची सही नसली तरी चालेल. तू एक शब्द बोलू नकोस. बाकी मी निस्तरते."

मासोळीनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुझ्या पोरींना तू काय शिकवतेस ग? मोठ्या पल्ल्याला होडीला हात लागला तर?"

लेकीनं तिची मनगटं धरली.

"सांग ना."

"तिथं पोहणं संपलं," लेक म्हणाली, आणि तिनं आईचे हात झटकून टाकले. वहिनी जवळ आल्या. त्यांनी लेकीला नाही, मासोळीला धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मी येऊ का बरोबर?" त्यांनी विचारलं. कुठे, ते त्यांनी विचारलं नाही.

"नको. एकटीच जाते."

दुकान पुलाखाली होतं. वरून गाडी गेली की दारातल्या काचेच्या बरणीतली बटणं वाजायची. टेलरबाई जमिनीवर गुडघे टेकून, लाकडी पुतळ्याला चढवलेल्या कोटाची घडी टाचण्यांनी बसवत होती. चार टाचण्या तोंडात धरल्या होत्या. गळ्यात टेप. मासोळीला दारात बघून तिनं भुवया उंचावल्या. गेल्या चाळीस वर्षांत दोघी रस्त्यात दिसल्या की मान हलवायच्या, त्यापलीकडे काही नाही.

"माझं काही शिवायचं नाहीये," मासोळी म्हणाली. "सांगायचं आहे."

तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. सावरून, बेतून सांगायचं भान तिला नव्हतं. धुकं, ब्लँकेट, नऊ मिनिटं, आबा, दादाची सही. एकदा वरून गाडी गेली तेव्हा ती थांबली, आणि बटणं वाजायची बंद झाल्यावर पुढे बोलली. टेलरबाई गुडघ्यांवरून उठली नाही. तोंडातल्या टाचण्या तिनं एकेक करून काढल्या आणि कोटाला टोचल्या, जिथे टोचायच्या होत्या तिथे नाही, कुठेही.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"आज. दोन तास झाले."

"खरं बोल."

"तुझ्या गळ्याची शपथ. आज."

टेबलाच्या कडेला धरून टेलरबाई उठली. गुडघे कटकन वाजले. टेबलावरच्या पसाऱ्यातून तिनं एक कार्ड उचललं आणि मासोळीसमोर धरलं. वाचनालयाच्या समारंभाचं आमंत्रण होतं ते. त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं छाती, कंबर, बाही लिहिलेलं. कुठल्यातरी गिऱ्हाइकाची मापं.

"मी याचा हा उपयोग केला," ती म्हणाली. "माझे बाबा शेवटच्या आजारात मला काय म्हणाले माहितीय? म्हणाले, दुसरी आलीस म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मी म्हटलं, नाही घेत. आणि ते गेले. माझे बाबा मला दुसरी समजून गेले, मासोळी."

"मला माहीत—"

"तू बोलू नकोस. आबांनी मला पाण्यात सोडलं, तेव्हा आधीच माहीत होतं त्यांना. सहा तास एकतीस मिनिटं तो माणूस माझ्या शेजारी होडीत बसला होता. मला ग्लुकोजचं पाणी पाजत होता. शाबास म्हणत होता." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, पण हातातलं कार्ड मधोमध दुमडलं गेलं होतं. "मी पोहणं का सोडलं असं तुला वाटतं? मला वाटलं, इतकं जीव तोडून शेवटी दुसरंच यायचं असेल, तर कशाला."

मासोळीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं ते पुसलं नाही.

"रडतेस कशाला? रडायचं मी," टेलरबाई म्हणाली. "तुला मी माफ करावं म्हणून आलीस?"

"नाही. पाच वाजता मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. त्याआधी तुला कळायला हवं होतं. तू येशील का तिथे?"

"नाही येणार." तिनं पाठ फिरवली आणि कोटाच्या टाचण्या उपटायला लागली. "तू उभी राहा एकटी. बघ कसं वाटतं."

वाचनालयाची मोठी खोली खच्चून भरली होती. पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर निळ्या कापडाखाली फलक. पहिल्या रांगेत पक्षीकोशवाल्या प्राध्यापकांची नात, गोलकीपर त्याच्या काठीसकट, आणि भिंगवाल्याचा मुलगा. बाजूला तलावावरच्या साठ पोरी, ओल्या केसांच्या, कारण त्या सरावावरून थेट आल्या होत्या. लेक त्यांच्यापुढे उभी होती आणि आईकडे बघायचं कटाक्षानं टाळत होती. दादा आणि वहिनी तिसऱ्या रांगेत. नगराध्यक्ष बोलले, लांबलचक बोलले. त्यांनी दोरी ओढली, कापड सरसरत खाली आलं, टाळ्या झाल्या. सातवी पाटी लखलखत होती.

मासोळीचं नाव पुकारलं गेलं. तिनं भाषणाचा कागद आणला नव्हता.

"ती पाटी चूक आहे," ती म्हणाली. ध्वनिक्षेपक खरखरला. "ती माझी नाही."

पहिल्यांदा लोक हसले. विनयानं बोलतेय असं त्यांना वाटलं. मग तिनं होडीचं सांगितलं, आणि हसू जिथल्या तिथे थिजलं. तिनं ब्लँकेट कुणाचं होतं ते सांगितलं. दुसऱ्या रांगेतली एक म्हातारी तोंडावर हात धरून 'अगं बाई' म्हणाली, आणि ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं. कुणीतरी मागून ओरडलं, "बाईंना बरं नाहीये, बसवा त्यांना!" नगराध्यक्ष ग्रंथपालाच्या कानाशी लागले. ग्रंथपाल मान हलवत 'नाही' म्हणत होता.

तेव्हा तिसऱ्या रांगेत दादा उठून उभा राहिला. छातीवर एक हात ठेवून, जसा तो ऑपरेशननंतर चालताना ठेवायचा. "घड्याळ माझ्याकडे होतं," तो म्हणाला. "ती म्हणते ते खरं आहे. खोटं बोललो तो मी."

पोरींच्या रांगेतली सगळ्यात छोटी रडायला लागली. लेकीनं तिला पोटाशी धरलं, आणि त्या पोरीच्या डोक्यावरून तिनं पहिल्यांदा आईकडे बघितलं. त्या बघण्यात माफी नव्हती. पण तिनं नजर हटवली नाही.

"सामुद्रधुनी पार करणारी पहिली स्त्री या गावात आहे," मासोळी म्हणाली. "तुमच्यातल्या निम्म्यांच्या अंगावरचे कपडे तिनं बेतलेत. ती दोन वर्षांनी गेली. एकदाही होडीला न शिवता. माझ्यापेक्षा लवकर."

ती बोलायची थांबली. मग गोलकीपर काठीवर भार देत उठला आणि टाळ्या वाजवू लागला. त्याच्या पाठोपाठ प्राध्यापकांची नात उठली. मग पूर्ण रांग, मग सगळी खोली. "केवढं मोठं मन!" कुणीतरी म्हणालं. "धन्य आहे बाईची!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. आजवर सामुद्रधुनीसाठीही तिला कुणी एवढ्या टाळ्या दिल्या नव्हत्या.

मासोळी भेदरून उभी राहिली. सगळ्या धक्क्यांत हा तिला सगळ्यात मोठा वाटला. नऊ मिनिटांचं कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली होती, पण निदान तिला ते न कळता झालं होतं. आता उघड्या डोळ्यांनी ती पुन्हा तेच घेत होती. दुसरीचं होतं ते पुन्हा तिच्याच पदरात पडत होतं, आणि तेही खरं बोलल्याचं बक्षीस म्हणून.

आणि मग तिला दारात टेलरबाई दिसली. अंगात दुकानातला अ‍ॅप्रन तसाच, गळ्यात टेप. ती टाळ्या वाजवत नव्हती. त्या उभ्या माणसांच्या पाठींकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जणू तिला याचीच खात्री होती.

"थांबा!" मासोळी किंचाळली. ध्वनिक्षेपकानं शीळ घातली. "थांबवा ते! मला नको. खाली बसा! खाली बसा सगळे!"

लोक दचकून थांबले. कुणी बसले, कुणी अर्धवट उभेच राहिले. ग्रंथपालानं मासोळीच्या नजरेचा माग धरून दाराकडे पाहिलं. तो खुर्च्यांमधून वाट काढत मागे गेला. टेलरबाईशी तो काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. तिनं आधी मान हलवून नकार दिला. मग तिनं गळ्यातला टेप काढला, बोटांभोवती गुंडाळून खिशात टाकला आणि पुढे चालत आली. लोकांनी तिच्यासाठी पाय मागे घेतले तशा खुर्च्या करकरल्या.

मासोळी ध्वनिक्षेपकासमोरून बाजूला झाली. दोघी एकमेकींजवळून गेल्या तेव्हा टेलरबाई तिच्याकडे न बघता पुटपुटली, "उद्या दुकानात ये. आज तुझ्याशी मला बोलवणार नाही." मासोळी 'हो' म्हणाली आणि तिसऱ्या रांगेत वहिनींनी सरकून केलेल्या जागेवर जाऊन बसली.

टेलरबाईला ध्वनिक्षेपकाची सवय नव्हती. तिनं त्याच्यापासून लांब तोंड धरलं. तिचे हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. मग तिनं ते अ‍ॅप्रनच्या खिशात घातले.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "मला याबद्दल कुणी कधी विचारलंच नाही, त्यामुळे मी काही तयार ठेवलेलं नाही." पोरींच्या रांगेकडे तिची नजर गेली. सगळ्या तिच्याकडे टक लावून बघत होत्या. "जिथून पोहायला सुरुवात करायची त्या बेटावर आम्ही पहाटे चारला पोचलो. पाणी काळं होतं. खडकांवर शेवाळ इतकं होतं की मी पाण्यात उतरताना घसरले आणि माझं ढोपर फुटलं. तर मी पहिलं काय केलं असेल? मी रागानं शिव्या दिल्या."

एक पोर फिसकन हसली.

"हो, खरंच दिल्या," टेलरबाई म्हणाली, आणि ध्वनिक्षेपकाकडे एक पाऊल पुढे आली. "मग मी डावा हात टाकला."